मनगटावरील क्वार्ट्झ घड्याळ : थोडी निगा, दीर्घ सोबत

आपल्या मॉरिशस बेटावर ज्याच्या खणात एकही बंद पडलेले मनगटी घड्याळ नाही, असे घर शोधूनच काढावे लागेल. एखाद्याचा पट्टा तुटलेला असतो, एखाद्याची काच आतून धुरकटलेली असते, तर एखाद्याचे काटे कित्येक वर्षे एकाच जागी उभे असतात. घरच्यांना विचारले, तर उत्तर ठरलेले असते : "बिघडले असेल. आता नवीनच घेऊ." पण हीच घड्याळे एखाद्या जाणत्या घड्याळजीने उघडली, तर त्यांपैकी बरीचशी मुळात बिघडलेली नव्हती असे दिसून येते. कुणाचा सेल संपलेला होता, कुणाचे रबरी वॉशर कडक झाल्याने आत पाणी शिरले होते, आणि कुणात संपलेला सेल तसाच राहून पाझरला होता. म्हणजे घड्याळ म्हातारे होऊन मेले नाही, आपल्या दुर्लक्षाने मेले.

याचे कारणही समजण्यासारखे आहे. पूर्वीचे घड्याळ रोज चावी मागत असे. सकाळी चहा घेता घेता वडीलमाणसे घड्याळाला चावी देत, आणि त्या निमित्ताने रोज एकदा ते हातात घेऊन पुसत, कानाला लावून पाहत. क्वार्ट्झ घड्याळ असे काही मागत नाही. दोन-तीन वर्षे ते मुकाट्याने चालते. जे मूल रडत नाही, त्याच्याकडे आईचेही लक्ष उशिरा जाते, तसेच या घड्याळाचे होते. म्हणून आजच्या लेखात हे घड्याळ चालते कसे, ते वापरावे कसे आणि आपल्या बेटाच्या दमट, खाऱ्या हवेत त्याची निगा राखावी कशी, याची माहिती देण्याचे योजिले आहे.

गारगोटीची करामत

क्वार्ट्झ म्हणजे स्फटिक. आपल्या मराठीत ज्या दगडाला गारगोटी म्हणतात, तो याच जातीचा. या स्फटिकाचा एक विलक्षण गुण फ्रान्समधील जाक व पिएर क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिला. स्फटिकावर दाब दिला की त्यात वीज उत्पन्न होते. उलट त्याला वीज दिली, तर तो किंचित आकसतो आणि प्रसरण पावतो, हेही लवकरच सिद्ध झाले. म्हणजे योग्य रीतीने वीज पुरविली, तर स्फटिकाचा तुकडा एका ठराविक वेगाने कंप पावत राहतो. हा वेग इतका स्थिर असतो, की त्यावरून वेळ मोजता येते.

या तत्त्वावरचे पहिले घड्याळ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि त्यांचे सहकारी जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी १९२७ साली तयार केले. ते मनगटावर बांधण्याजोगे अर्थातच नव्हते. मनगटावर यायला या विद्येला आणखी बेचाळीस वर्षे लागली. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सिको कंपनीने 'अॅस्ट्रॉन' नावाचे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. किंमत होती साडेचार लाख येन. तेवढ्या पैशांत त्या वेळी जपानमध्ये एक लहान मोटार मिळत असे! आज त्याच तत्त्वावर चालणारे घड्याळ आपल्या बाजारात शाळकरी मुलालाही परवडते.

आपल्या घड्याळातील स्फटिक कंगव्याच्या दोन दातांसारखा, संगीतशिक्षकाजवळ असतो त्या स्वरकाट्याच्या आकाराचा असतो. तो काही मिलिमीटर लांबीचा असून धातूच्या एका बंद नळीत बसविलेला असतो. एका सेकंदात तो ३२,७६८ वेळा कंप पावतो. हाच विचित्र आकडा का, असा प्रश्न वर्गातील चौकस मूल हमखास विचारते. अशा वेळी मी मुलांना फळ्यावर भागाकार करावयास लावतो. ३२,७६८ ला दोनने भागा, उत्तराला पुन्हा दोनने भागा, असे करीत जा. १६,३८४, मग ८,१९२, मग ४,०९६ असे उतरत उतरत बरोबर पंधराव्या भागाकाराला फळ्यावर १ उरतो. मुलांना मोठी मौज वाटते. घड्याळातील इवलीशी इलेक्ट्रॉनिक चकती हेच काम करते. ती कंपनांची पंधरा वेळा निमपट करून सेकंदाला एक ठोका काढते. त्या ठोक्यासरशी एका बारीक तारेच्या वेटोळ्यातून वीज जाते, छोटेसे चुंबकी चाक अर्धा फेरा फिरते आणि सेकंदकाटा एक पाऊल पुढे पडतो. दिवसातून ८६,४०० वेळा हे घडते, आणि तेही दाण्याएवढ्या सेलवर.

आपले बेट आणि घड्याळाचा धंदा

घड्याळाच्या या क्रांतीशी आपल्या बेटाचाही एक धागा जुळलेला आहे. चावीच्या घड्याळात चाकांचे अक्ष झिजू नयेत म्हणून कृत्रिम माणकांचे बारीक खडे बसवितात. तबकडीवर '१७ ज्युवेल्स' असे लिहिलेले असते ते हेच. १९६० च्या दशकाच्या मध्यास मॉरिशसमध्ये या खड्यांना सूक्ष्म छिद्रे पाडून ते स्वित्झर्लंडच्या घड्याळ-व्यवसायाला पुरविण्याचा उद्योग सुरू झाला. बाहेरून कच्चा माल आणावा, येथे त्यावर काम करावे आणि पुन्हा निर्यात करावी, या कल्पनेचा तो पहिला धडा होता. पुढे १९७० साली निर्यात-प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला आणि या बेटाचे रूप पालटले.

क्वार्ट्झ घड्याळाला मात्र असे खडे फारच थोडे लागतात, काहींना तर एकही लागत नाही. जपानी क्वार्ट्झ घड्याळांनी बाजार भरून गेले, तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये हाहाकार उडाला. १९७० साली तेथे या धंद्यात सुमारे ९०,००० माणसे काम करीत होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती ३०,००० च्या आसपास आली. अखेर १ मार्च १९८३ रोजी स्वीस लोकांनीच 'स्वॉच' हे अवघ्या ५१ भागांचे प्लॅस्टिकचे क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणले आणि धंदा सावरला. भारतातही असेच झाले. एच.एम.टी.चे चावीचे घड्याळ एके काळी घरोघर होते. १९८४ साली स्थापन झालेल्या टायटनने क्वार्ट्झवर भर दिला, आणि एच.एम.टी.च्या घड्याळ कंपनीला २०१६ मध्ये टाळे लागले.

वेळ आणि तारीख लावण्याची रीत

आता वापराकडे वळू. साध्या क्वार्ट्झ घड्याळाची वेळ महिन्याला पंधरा ते वीस सेकंद मागे-पुढे होणे हे निर्दोष समजले जाते. चांगले चावीचे घड्याळ एका दिवसातच इतके चुकू शकते, हे लक्षात घेतले म्हणजे क्वार्ट्झची थोरवी कळते.

वेळ लावताना सेकंदकाटा बारावर येताच बाजूची किल्ली शेवटच्या टप्प्यापर्यंत ओढावी. काटा तेथे थांबेल. मग मिनिटकाटा हव्या त्या वेळेच्या चार-पाच मिनिटे पुढे नेऊन हळूच मागे आणून बरोबर रेघेवर ठेवावा. असे केल्याने चाकांतील ढिलाई निघून जाते आणि मिनिटकाटा व सेकंदकाटा यांचा मेळ बसतो. नंतर मोबाईल फोनवरील वेळ पाहून मिनिट पुरे होताच किल्ली आत दाबावी.

तारखेच्या बाबतीत एक पथ्य अवश्य पाळावे. रात्री नऊपासून पहाटे तीनपर्यंत तारीख हाताने बदलू नये. त्या वेळात तारखेचे चाक आतून फिरत असते. आपण बाहेरून जोर केला, तर त्याचे दाते दुखावतात. घड्याळ अकराचा आकडा दाखवीत असेल आणि ते रात्रीचे की सकाळचे हे कळत नसेल, तर आधी काटे पुढे फिरवून तारीख केव्हा बदलते ते पाहावे. जेथे बदलते, ती मध्यरात्र.

साध्या घड्याळाला प्रत्येक महिना ३१ दिवसांचाच वाटतो. म्हणून वर्षातून पाच वेळा, म्हणजे १ मार्च, १ मे, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ डिसेंबर या दिवशी, तारीख आपणच दुरुस्त करावयाची असते. मुलांना हे काम सांगावे. मूठ वळून बोटांच्या उंचवट्यांवर महिने मोजण्याची जुनी युक्ती त्यामुळे आपोआप पाठ होते.

आपल्याकडे युरोपसारखी उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करण्याची कटकट नाही. तसा प्रयोग २६ ऑक्टोबर २००८ ते २९ मार्च २००९ या काळात झाला आणि तेथेच संपला. भारतात जाणाऱ्यांनी मात्र घड्याळ दीड तास पुढे करावे. मुंबईत उतरल्यावर या दीड तासाच्या घोळात पुढची आगगाडी चुकलेले प्रवासी काही कमी नाहीत.

सेल : घड्याळाचा प्राण

बाजारात आपण क्रिओलमध्ये 'पिल' बदलून मागतो, तोच हा सेल. दिसायला सगळे सेल सारखे, पण त्यांच्यात दोन प्रमुख जाती आहेत. ज्याच्या पाठीवर रोमन लिपीत 'एस.आर.' ही अक्षरे असतात, तो सिल्व्हर ऑक्साइडचा, म्हणजे चांदीच्या संयुगाचा सेल. ज्यावर 'एल.आर.' असते, तो अल्कलाइन. सिल्व्हर ऑक्साइडचा सेल अखेरपर्यंत जवळजवळ सारखाच, म्हणजे सुमारे १.५५ व्होल्टचा दाब देतो. अल्कलाइन सेल स्वस्त मिळतो, पण त्याचा दाब हळूहळू घसरत जातो, त्याचे आयुष्य कमी असते आणि त्याच्या पाझरण्याची भीती अधिक असते. काट्यांच्या क्वार्ट्झ घड्याळात सिल्व्हर ऑक्साइडचाच सेल घालावा. चार पैसे वाचविण्यासाठी घड्याळ धोक्यात घालू नये.

अक्षरांपुढील आकडे सेलचे माप सांगतात. उदाहरणार्थ, 'एस.आर. ६२६' मधील ६ वरून ६.८ मिलिमीटर व्यास आणि २६ वरून २.६ मिलिमीटर जाडी समजते. हाच सेल '३७७' या क्रमांकानेही मिळतो. आपल्या घड्याळाच्या सेलचा क्रमांक आणि तो बदलल्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती घरातील महत्त्वाच्या कागदांत ठेवावी. पुढच्या वेळी अंदाज करीत बसावे लागत नाही.

सेल संपत आला हे कसे ओळखावे? अनेक घड्याळांत सेकंदकाटा एकेक सेकंद न चालता दोन-दोन सेकंदांची उडी घेऊ लागतो. पुष्कळांना ते घड्याळ बिघडल्याचे चिन्ह वाटते. वस्तुतः ते घड्याळाचे बोलणे आहे. "माझी शिदोरी संपत आली, लवकर सोय करा," असे ते सांगत असते. ही खूण दिसल्यावर काही दिवसांच्या आत सेल बदलून घ्यावा. सर्वच घड्याळांत अशी सोय नसते. तेव्हा साधारण दोन-तीन वर्षे झाली की खूण दिसण्याची वाट पाहू नये.

उन्हावर चालणाऱ्या, म्हणजे सौर क्वार्ट्झ घड्याळाची गोष्ट निराळी आहे. त्यात पुन्हा पुन्हा भरला जाणारा खास सेल असतो. त्याच्या जागी साधा सेल कधीही घालू नये. साधा सेल भरला जाण्यासाठी केलेला नसतो, तो फुटू शकतो. असे घड्याळ खणात न ठेवता खिडकीजवळ उजेडात ठेवावे, म्हणजे झाले. मात्र रणरणत्या उन्हात नव्हे.

खणात विसरलेले घड्याळ

येथे माझ्या परिचयाच्या एका घरातील हकीकत सांगणे योग्य होईल. आजोबा साखर कारखान्यात नोकरीला होते. १९८० च्या दशकात निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना एक क्वार्ट्झ घड्याळ भेट दिले. मागच्या झाकणावर त्यांचे नाव कोरलेले होते. रोजच्या कामात ते खराब होईल म्हणून आजोबा ते फक्त लग्नकार्याला आणि गणेश चतुर्थीला बांधीत. ते वारल्यावर आजीने ते एका रेशमी रुमालात गुंडाळून कपाटात जपून ठेवले. वर्षे गेली. नात माध्यमिक परीक्षेत चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाली, तेव्हा आजी म्हणाली, "आजोबांचं घड्याळ आता तू बांध."

रुमाल सोडला. वरून घड्याळ नव्यासारखे चकाकत होते. घड्याळजीने झाकण उघडले, तर आत पांढरा-हिरवा थर जमलेला! सेल संपून गेला होता, आणि पुढे त्याच्यातील दाहक द्रव पाझरून त्याने तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकल्या होत्या. जपून ठेवलेले घड्याळ जपण्यामुळेच गेले. नशिबाने त्याच मापाचे नवे यंत्र मिळाले आणि जुनी तबकडी, जुने काटे त्यावर बसले. घड्याळजी हसून म्हणाला, "पोरी, कुडी आजोबांची आहे, काळीज तेवढं नवं घातलंय." नात आज ते घड्याळ बांधते. पण प्रत्येक वेळी असे यंत्र मिळतेच असे नाही.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. काही महिने घड्याळ वापरावयाचे नसेल, तर घड्याळजीकडून सेल काढून घेऊन मगच ते ठेवावे. चार-सहा आठवड्यांचाच प्रश्न असेल, तर किल्ली बाहेर ओढून ठेवली तरी चालते. काटे थांबतात आणि सेलची बचत होते. पण किल्ली बाहेर असताना त्या फटीतून ओल शिरते, तेव्हा घड्याळ कोरड्या डबीत ठेवावे. आणि बंद पडलेल्या घड्याळातील मेलेला सेल एक दिवसही आत राहू देऊ नये.

पाणी : आपल्या बेटावरील पहिला शत्रू

चारी बाजूंनी समुद्र, वाक्वा-क्युरपिपच्या पठारावर पाऊस आणि धुके, किनाऱ्यावर खारा वारा. अशा बेटावर घड्याळाचा मोठा शत्रू पाणी हाच. झाकणावर '३० मीटर' असे कोरलेले असले, म्हणजे ते तीस मीटर खोल पाण्यात नेता येते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. हा आकडा नव्या घड्याळाची स्थिर पाण्याच्या दाबाखाली केलेली परीक्षा सांगतो. आपण पाण्यात हात मारतो, उडी घेतो, नळाच्या धारेखाली हात धरतो, तेव्हा दाब वेगळा पडतो. व्यवहारात असे समजावे :

३० मीटर – पावसाचे थेंब, हात धुताना उडालेले पाणी, एवढेच.
५० मीटर – शांत पाण्यात थोडे पोहणे चालेल, सूर मारू नये.
१०० मीटर – समुद्रात पोहणे चालेल.
२०० मीटर व पाणबुड्यांसाठी खास बनविलेले – बुडी मारणे चालेल.

पाणी अडविण्याचे काम झाकणाखालचे आणि किल्लीभोवतीचे रबरी वॉशर करते. ऊन, घाम, साबण, अत्तर आणि काळ यांनी ते कडक होते, त्याला चिरा पडतात. म्हणून पाच वर्षांपूर्वी '१०० मीटर' असलेले घड्याळ आज तितके सुरक्षित असेलच असे नाही. सेल बदलताना वॉशर तपासून घ्यावे, त्यावर खास वंगण लावावयास सांगावे, आणि पोहण्याचे घड्याळ असल्यास पाण्याच्या दाबाची चाचणी करून मागावी. स्वयंपाकघरातील सुरीने झाकण उघडण्याचा उद्योग घरी करू नये. ओरखडा पडतो, वॉशर चिमटते, आणि पुढच्याच पावसात पाणी आत जाते.

गरम पाण्याने स्नान करताना घड्याळ काढून ठेवावे. वाफ पाण्याहून अधिक सहज आत शिरते, आणि साबण वॉशरचे नुकसान करतो. पाण्यात असताना किल्ली वा बटणे कधीही ओढू-दाबू नयेत. ज्यांची किल्ली आट्यांची आहे, त्यांनी ती घट्ट फिरवून बसविली आहे ना, हे आधी पाहावे.

आपल्या समाजात एक दिवस असा असतो, की ज्या दिवशी पुष्कळ घड्याळे एकदमच पाण्यात जातात. तो म्हणजे गणेश विसर्जनाचा दिवस. 'गणपती बाप्पा मोरया'च्या गजरात मूर्ती घेऊन नदीत किंवा समुद्रात उतरताना मनगटावर काय आहे, याचे भान कुणाला राहते? तेव्हा विसर्जनाला निघण्यापूर्वीच घड्याळ घरी काढून ठेवावे. खारे पाणी बाहेरून लागलेच, तर घरी येताच किल्ली बंद असल्याची खात्री करून गोड्या पाण्यात भिजविलेल्या फडक्याने ते नीट पुसावे आणि कोरडे करावे. समुद्रस्नान करता येईल असे घड्याळ असल्यास ते गोड्या पाण्यात धुवावे.

काचेच्या आतून धुके दिसू लागले, की पाणी आत गेले असे समजावे. मग ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवणे, उन्हात वाळविणे किंवा केस वाळविण्याच्या यंत्राने तापविणे, हे उपाय करू नयेत. त्याच दिवशी घड्याळजीकडे जाऊन झाकण उघडून सेल काढून घ्यावा आणि यंत्र कोरडे करून घ्यावे. खारे पाणी असेल, तर एका आठवड्याचा उशीरही यंत्राचा गंज करून टाकतो.

ऊन, लोहचुंबक आणि घाम

स्वरकाट्याच्या आकाराचा स्फटिक सुमारे २५ अंश उष्णतेवर बरोबर चालेल असा कापलेला असतो. गंमत अशी, की त्याहून उष्णता वाढली तरी घड्याळ मागे पडते आणि कमी झाली तरीही मागेच पडते. क्युरपिपच्या हिवाळी रात्रीत टेबलावर ठेवलेले घड्याळ दिवसाला एखाद्या सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे मागे राहील. याची काळजी करण्याचे कारण नाही. पण पोर्ट लुईला भर उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत, काचेखाली घड्याळ ठेवून जाणे मात्र घातक आहे. तेथे वेळ तर चुकतेच, शिवाय सेल पाझरण्याचा धोका वाढतो आणि वॉशर वाळते. सर्वांत चांगली जागा म्हणजे मनगट. शरीराच्या उबेत घड्याळ जवळजवळ एकाच उष्णतेत राहते.

काट्यांचे क्वार्ट्झ घड्याळ चुंबकी चाकावर चालते, हे वर सांगितले आहे. म्हणून बाहेरचे लोहचुंबक जवळ आले, तर ते थांबते किंवा मागे पडते. मोबाईल फोनमधील ध्वनिवर्धक, रेडिओ, बायकांच्या पर्सची चुंबकी कडी, फ्रीजच्या दाराची पट्टी यांपासून ते निदान वीतभर दूर ठेवावे. रोज रात्री घड्याळ मागे पडत असेल, तर ते रात्री फोनच्या अंगावर तर नसते ना, ते पाहावे. चुंबक दूर केले की क्वार्ट्झ घड्याळ सहसा पूर्ववत चालू लागते. वेळ तेवढी पुन्हा लावावी लागते.

अत्तर, डासांचे औषध आणि उन्हाची मलमे आधी अंगाला लावून ती जिरल्यावर घड्याळ बांधावे. पोलादी पट्ट्याच्या सांध्यांत घाम आणि मळ साचतो, आणि कातडीला खाज सुटते. असा पट्टा घड्याळापासून सोडवून महिन्यातून एकदा कोमट साबणपाण्यात जुन्या मऊ दात-ब्रशने घासून, स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावा. चामडी पट्ट्याला आपल्या पठारावरील ओलीत बुरशी येते. तो रोज रात्री पुसून हवेशीर जागी ठेवावा, आणि पाण्यापासून दूर राखावा. पट्टा अडकविणारी स्प्रिंगची बारीक काडी गंजली, की घड्याळ नकळत मनगटावरून गळून पडते. पट्टा बदलताना ती काडीही बदलून घ्यावी. तिची किंमत नगण्य असते.

घरात लहान मूल असेल तर

येथवर घड्याळाच्या जिवाची गोष्ट झाली. आता मुलाच्या जिवाची. घड्याळाचा सेल चकाकतो, गोळीसारखा दिसतो आणि रांगत्या मुलाच्या तोंडात सहज जातो. तो अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहू लागते, तेथे दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांच्या आत आतून भाजून गंभीर इजा होऊ शकते. दूरनियंत्रक आणि मोटारीच्या किल्लीतील वीस मिलिमीटरचे लिथियम सेल सर्वांत घातक आहेत, पण घड्याळाच्या लहान सेललाही निरुपद्रवी समजू नये. आपण ज्याला 'संपलेला' म्हणतो, त्या सेलमध्येही इजा करण्याइतकी वीज उरलेली असते.

मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करविण्याच्या खटपटीत न पडता त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे, किंवा ११४ या क्रमांकावर सामूला बोलवावे. "शौचावाटे पडून जाईल" असे म्हणत थांबू नये. क्ष-किरणाचे चित्र काढल्याशिवाय सेल कोठे आहे हे कळत नाही. नाकात वा कानात घातलेल्या सेललाही हाच नियम लागू. जुने सेल उघड्यावर ठेवू नयेत. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून झाकणाच्या डबीत, उंचावर ठेवावेत आणि जमतील तेव्हा जुने सेल घेणाऱ्या दुकानात द्यावेत. सर्वांत उत्तम म्हणजे बदललेला सेल घड्याळजीकडेच सोडून यावा.

मुलाच्या हाती घड्याळ द्यावे

मोबाईल फोन आल्यावर घड्याळाची गरजच काय, असा प्रश्न आता विचारला जातो. शिक्षक या नात्याने मला त्याचे उत्तर सरळ वाटते. परीक्षेच्या दालनात फोन नेता येत नाही, फोनला जोडलेले आधुनिक घड्याळही चालत नाही. तेथे साधे काट्यांचे घड्याळच मुलाच्या उपयोगी पडते. दोन तासांच्या प्रश्नपत्रिकेत किती वेळ सरला आणि किती उरला, हे तबकडीवर एका दृष्टिक्षेपात दिसते. आकड्यांच्या घड्याळात ते वजाबाकी करून काढावे लागते. पण अलीकडे वरच्या वर्गांतही काटे पाहून 'पावणेचार' किंवा 'सव्वानऊ' न सांगता येणारी मुले भेटतात. घड्याळ वाचता येत नाही, त्याबरोबर सव्वा, साडे, पावणे हे आपले शब्दही जिभेवरून जातात, ही खंत लहान नाही.

म्हणून आईबापांना एक सूचना करावीशी वाटते. खणातील बंद घड्याळ या आठवड्यात बाहेर काढा, घड्याळजीकडे नेऊन सेल घाला, वॉशर तपासा, नवा पट्टा बांधा आणि ते घरातील शाळकरी मुलाच्या स्वाधीन करा. त्याला एक वही द्या. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला घड्याळ किती सेकंद पुढे वा मागे गेले ते त्याने वहीत लिहावे, तारीख दुरुस्त करावी आणि पट्टा पुसावा. हे पाच मिनिटांचे काम आहे. एका वर्षात त्या मुलाला आपल्या घड्याळाचा स्वभाव कळेल, सेल कधी बदलावयाचा ते कळेल, आणि हातातली वस्तू जपण्याची सवय लागेल. वडीलमाणसे रोज सकाळी चावी देताना जे शिकली, ते आजच्या मुलाला महिन्यातून एकदा तरी शिकता येईल. नव्या घड्याळाचे पैसे वाचतील, ते निराळेच.